गार्डा सरोवराची सायकल-प्रदक्षिणा : कड्यावरील किलोमीटरांची किंमत

उत्तर इटलीतील गार्डा सरोवराला सायकलवरून सलग प्रदक्षिणा घालता यावी, यासाठी आखलेल्या मार्गाने एक जुना प्रश्न नव्याने उभा केला आहे. दक्षिणेकडील सपाट किनाऱ्यावर असा मार्ग काढणे तुलनेने सोपे आहे. उत्तरेकडे मात्र उभे कडे थेट पाण्यात उतरतात आणि मार्गासाठी जागाच उरत नाही. ती जागा कड्यात पोलादी आधार रोवून निर्माण करावी काय, त्यासाठी किती सार्वजनिक पैसा खर्चावा आणि वरून कोसळणाऱ्या दरडींची जबाबदारी कोणी घ्यावी, यावर प्रशासन, पर्यटन व्यावसायिक आणि पर्यावरणवादी गट यांच्यात तीव्र मतभेद आहेत.

गार्डा हे इटलीतील सर्वांत मोठे सरोवर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस किलोमीटर, लांबी सुमारे ५२ किलोमीटर आणि कमाल खोली ३४६ मीटर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची पातळी अवघी ६५ मीटर असली, तरी पूर्वेकडील मोन्ते बाल्दो हा डोंगर २,२०० मीटरहून अधिक उंची गाठतो. हिमयुगातील हिमनद्यांनी हे खोरे कोरून काढले. त्यामुळे दक्षिणेस रुंद व सपाट आणि उत्तरेस अरुंद व खोल, असे त्याचे रूप झाले आहे. सायकलमार्गाच्या साऱ्या अडचणींचे मूळ या भूरचनेत आहे.

दुसरी अडचण राजकीय भूगोलाची आहे. पश्चिम किनारा लोम्बार्दीत, पूर्व किनारा व्हेनेतोत आणि उत्तरेचे टोक ट्रेंटो या स्वायत्त प्रांतात येते. पहिल्या महायुद्धापर्यंत उत्तरेकडील रीवा हे गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते आणि सरोवराच्या पृष्ठभागावरून आंतरराष्ट्रीय सीमा जात असे. आज ती सीमा केवळ प्रशासकीय उरली आहे. तथापि निधी, परवानग्या आणि प्राधान्यक्रम या तीनही बाबतींत ती अद्याप जाणवते.

इटलीच्या केंद्र सरकारने राष्ट्रीय पर्यटन सायकलमार्गांची योजना हाती घेतली, तेव्हा सुरुवातीच्या चार मार्गांत गार्डाचा समावेश नव्हता. यादी वाढवण्यात आली त्या वेळी त्याला स्थान मिळाले आणि २०१७ मध्ये तिन्ही प्रदेशांनी केंद्रीय मंत्रालयांसोबत करार केला. समन्वयाची जबाबदारी ट्रेंटो प्रांताकडे आली. सुमारे १४० किलोमीटरचे वर्तुळ, तेही मोटारींपासून शक्य तितके अलग, असे मूळ चित्र होते. पुढे कोविडोत्तर पुनर्बांधणीसाठी युरोपीय संघाने इटलीला दिलेल्या निधीतही सायकलमार्गांसाठी तरतूद झाली. या निधीला २०२६ ची मुदत असल्याने, जेथे काम लवकर होईल तेथे ते उरकण्याकडे साहजिकच कल वाढला.

या प्रकल्पाला जगभर प्रसिद्धी मिळाली ती मात्र लिमोने गावाजवळच्या एका लहानशा टप्प्यामुळे. जुलै २०१८ मध्ये खुला झालेला हा टप्पा जेमतेम दोन किलोमीटरचा आहे. त्याचा काही भाग कड्यातून बाहेर आलेल्या पोलादी आधारांवर, पाण्यापासून सुमारे पन्नास मीटर उंचीवर अधांतरी तोललेला आहे. त्यासाठी सुमारे ७० लाख युरो खर्च झाले. म्हणजे एका किलोमीटरला तीस लाख युरोंहून अधिक. हे प्रमाण सर्व वर्तुळाला लागू होत नाही, कारण सपाट किनाऱ्यावरचा किलोमीटर फार स्वस्त पडतो. परंतु जे किलोमीटर अद्याप जोडायचे आहेत, त्यांतील कळीचे किलोमीटर नेमके याच जातीचे आहेत.

लिमोनेच्या टप्प्याचे यश नाकारता येत नाही. पूर्वी उन्हाळी हंगामापुरते गजबजणारे हे गाव त्यामुळे वसंत आणि शरद ऋतूंतही पर्यटकांना खुणावू लागले. परंतु त्या यशाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. हा टप्पा खुला झाला तेव्हा तो ट्रेंटो प्रांताच्या सीमेवर येऊन संपत होता. पुढे रीवाला जाण्यासाठी सायकलस्वारापुढे मोटारींच्या बोगद्यांचाच रस्ता उरत होता. परिणामी तो प्रवासाचा मार्ग न राहता छायाचित्रे काढण्याचे ठिकाण बनला. पायी फिरणाऱ्यांची गर्दी इतकी झाली की, गर्दीच्या दिवशी सायकल हातात धरून चालण्याची वेळ अनेकांवर येते.

सायकलस्वारांच्या सुरक्षिततेचा युक्तिवाद मात्र भक्कम आहे. पश्चिम किनाऱ्यावरील गार्डेसाना हा महामार्ग १९३१ मध्ये पूर्ण झाला. तोपर्यंत लिमोनेला पोहोचण्यासाठी होडी किंवा डोंगरातील पायवाट हेच पर्याय होते. गार्नियानो ते रीवा या पट्ट्यात अभियंत्यांनी सुमारे सत्तर बोगदे खोदून रस्ता नेला. ते बोगदे त्या काळच्या वाहतुकीला पुरेसे होते. आज प्रवासी बस, मालवाहू गाड्या, मोटारसायकली आणि घरगाड्या त्याच अरुंद, अंधाऱ्या बोगद्यांतून धावतात. दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुक्कामांची नोंद होणाऱ्या या प्रदेशात, अशा रस्त्यावर सायकलस्वाराला ढकलणे धोकादायक आहे, हे विरोधकही मान्य करतात. मतभेद आहे तो उपायाबाबत.

विरोधकांचा पहिला आक्षेप दरडींचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ट्रेमोझिनेच्या हद्दीत मोठी दरड कोसळून गार्डेसाना कित्येक आठवडे बंद राहिली. बोगद्यातून जाणाऱ्या मोटारीला डोक्यावर खडकाचे छत तरी असते, उघड्या कड्यावर टांगलेल्या मार्गावरील सायकलस्वाराला तेही नसते. म्हणून वरच्या कड्यावर जाळ्या बसवाव्या लागतात, सैल खडक पाडावे लागतात, संरक्षक भिंती उभाराव्या लागतात. हे काम एकदा करून संपत नाही. बांधकामाचा खर्च केंद्र आणि प्रांत उचलतील, पण देखभालीचा वार्षिक भार पुढे कोणाच्या अंदाजपत्रकात पडणार, हा लहान ग्रामपालिकांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप भूदृश्याचा आहे. ज्या कड्यांच्या सौंदर्यासाठी पर्यटक येतात, त्याच कड्यांवर पोलाद आणि काँक्रीटचा पट्टा ओढल्यास आकर्षणाचे मूळच दुखावते, असे नागरिकांच्या गटांचे म्हणणे आहे. तिसरा आक्षेप वाहतुकीचा आहे. सायकलमार्गामुळे मोटारी कमी होतील, हे गृहीतक येथे तपासून घ्यावे लागते. रीवाला १८९१ पासून मोरीमार्गे येणारी छोटी रेल्वे होती. ती १९३६ मध्ये बंद झाली. आज रेल्वेने येणाऱ्याला दक्षिणेस देझेंझानो किंवा पेस्किएरा आणि ईशान्येस रोव्हेरेतो येथे उतरावे लागते. म्हणून पुष्कळसे सायकल-पर्यटक मोटारीच्या टपावर सायकल बांधूनच सरोवराकाठी येतात. अशा स्थितीत नवा मार्ग सायकलींबरोबर मोटारींचीही संख्या वाढवू शकतो आणि वाहनतळांचा प्रश्न अधिक बिकट करू शकतो.

या वादात एक बाब सहसा मागे पडते. गार्डाभोवतीचे जे सायकलमार्ग आजवर टिकले आणि लोकप्रिय झाले, ते बहुतांशी जुन्या वाटांचे पुनरुज्जीवन आहे. रीवाहून लेद्रो खोऱ्यात चढणारा पोनालेचा रस्ता हे त्याचे उत्तम उदाहरण. १८५१ मध्ये खुला झालेला हा रस्ता कड्याच्या पोटातून वळणे घेत वर जातो. विसाव्या शतकाच्या अखेरीस लेद्रोकडे जाणारा बोगदा झाल्यावर मोटारींनी तो सोडला आणि २००४ पासून तो पादचारी व माउंटन बाइकस्वारांसाठी खुला झाला. सरोवराचे विस्तृत दर्शन घडवणारा हा मार्ग नव्याने कोरावा लागला नाही.

त्याहून वरचे ट्रेमाल्झोचे वळणावळणाचे कच्चे रस्ते पहिल्या महायुद्धात सैन्याच्या रसदीसाठी बांधले गेले. तोफा आणि खेचरे नेण्यासाठी चढ बेताचा ठेवलेला असल्याने, शतकानंतर तेच रस्ते माउंटन बाइकसाठी सोयीचे ठरले. १९९४ पासून रीवा येथे भरणाऱ्या सायकल महोत्सवाने या डोंगरवाटांना मध्य युरोपात, विशेषतः जर्मन भाषक पर्यटकांत, मोठी ओळख मिळवून दिली. दक्षिणेकडेही हेच सूत्र दिसते. पेस्किएराहून मिंचो नदीच्या काठाने मांतोव्हापर्यंत जाणारा सुमारे ४३ किलोमीटरचा मार्ग पाण्याकाठच्या वाटांचा आधार घेतो. उत्तरेस टोर्बोलेहून नागोची चढण चढून सान जोव्हान्नी खिंडीतून मोरीला उतरले की अदिजे खोऱ्यातील सायकलमार्ग मिळतो आणि तेथून ट्रेंटो, बोल्झानो व पुढे ब्रेनर खिंडीपर्यंत जाता येते.

अर्थात जुन्या वाटा म्हणजे बिनखर्चाच्या वाटा नव्हेत. डोंगरातील वाटांवर वेगळा ताण आहे. ट्रेंटोच्या पायवाटांची देखरेख १८७२ मध्ये स्थापन झालेल्या गिर्यारोहक संस्थेचे स्वयंसेवक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. त्या वाटा चालणाऱ्यांसाठी आखलेल्या होत्या. वेगाने उतरणाऱ्या सायकलींमुळे त्या झिजू लागल्या आणि पादचाऱ्यांशी खटके उडू लागले, तेव्हा प्रांताने फार तीव्र उताराच्या आणि सायकलच्या रुंदीहून अरुंद पायवाटांवर बंधने घातली. विजेवर चालणाऱ्या सायकलींनी हा ताण वाढवला. युरोपीय नियमांनुसार अशा सायकलच्या मोटारीची शक्ती २५० वॉट आणि साहाय्याची मर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे. एवढे साहाय्यही जो चढ पूर्वी मोजक्या सरावलेल्या स्वारांनाच साधत असे, तो सर्वांच्या आवाक्यात आणण्यास पुरेसे ठरते.

मोन्ते बाल्दोवर याचा परिणाम विशेष गंभीर ठरू शकतो. हिमयुगात या डोंगराचे माथे बर्फाच्या वर राहिल्याने तेथे अन्यत्र न आढळणाऱ्या वनस्पती टिकून राहिल्या. वेरोनाचे औषधविक्रेते फ्रांचेस्को काल्झोलारी यांनी १५६६ मध्येच या डोंगराच्या वनस्पतियात्रेचे वर्णन प्रसिद्ध केले होते आणि ‘युरोपची बाग’ हे बिरुद त्याला तेव्हापासूनच्या लौकिकातून लाभले. माल्चेझिनेहून निघणारी रज्जुमार्गाची गाडी काही मिनिटांत १,७०० मीटरच्या वर नेऊन सोडते. तेथून खाली येणाऱ्या प्रत्येक चाकाला ठरलेल्या वाटेवर ठेवणे, हे नव्या पुलाइतकेच महत्त्वाचे काम आहे. परंतु वाटांच्या दुरुस्तीचे उद्घाटन होत नाही, त्यामुळे त्याला निधी मिळवणे अवघड जाते.

वर्तुळ पूर्ण करण्यासाठी कड्याखेरीज दुसरा मार्ग नाही, असे नाही. विरोधकांनी सुचवलेला पर्याय सरोवराचे पाणी हाच आहे. मादेर्नो ते तोर्री देल बेनाको दरम्यान मोटारी वाहणारी फेरीबोट चालते. हंगामात लिमोने आणि माल्चेझिने हे दोन किनारेही फेरीबोटीने जोडले जातात. सर्वांत अवघड पट्ट्यात सायकलींसाठी अशा फेऱ्या वाढवल्या आणि मार्गाच्या भाड्यातच बोटीचे भाडे धरले, तर कडे न कोरता प्रदक्षिणा पूर्ण होऊ शकते. समर्थकांचे यावर म्हणणे असे की, बोट हंगामावर, वेळापत्रकावर आणि वाऱ्यावर अवलंबून असते. सकाळी उत्तरेकडून ‘पेलेर’ आणि दुपारी दक्षिणेकडून ‘ओरा’ हे येथील नित्याचे वारे शिडाच्या होड्यांना उपकारक असले, तरी सेवेची खात्री देत नाहीत. शिवाय रोज कामावर जाणाऱ्या स्थानिकाला बोटीची वाट पाहणे परवडत नाही. हा मुद्दा रास्त आहे.

तरीही तुलना समान पायावर व्हावयास हवी. बोट खराब हवामानात थांबते, तसा कड्यावरील मार्गही दरडीच्या धोक्यात बंद ठेवावा लागतो. बोटीला दरवर्षी अनुदान लागते, तशी जाळ्यांना आणि खडकांच्या तपासणीलाही दरवर्षी रक्कम लागते. फरक इतकाच की, फेऱ्या कमी-अधिक करता येतात, कड्यात रोवलेले पोलाद मागे घेता येत नाही. प्रकल्पाचा अंदाजित खर्च मूळ आकड्याच्या बराच पुढे गेल्यानंतर ही तुलना टाळणे तिन्ही प्रशासनांना अधिकाधिक कठीण जाणार आहे.

सायकल हे सर्वांत कमी भार टाकणारे वाहन मानले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यासाठी बांधलेला प्रत्येक मार्ग आपोआप हलका ठरत नाही. गार्डाचा अनुभव सांगतो की, सलग वर्तुळ नकाशावर जितके आकर्षक दिसते तितके ते प्रवाशाला आवश्यक असतेच असे नाही. त्याला हवी असते ती सुरक्षित वाट, पुढच्या टप्प्याची खात्री आणि परतीची सोय. हिमालयातील वा सह्याद्रीतील जलाशयांभोवती पर्यटनमार्ग आखणाऱ्यांनाही हे लक्षात ठेवता येईल. गार्डाच्या उत्तर किनाऱ्यावरचा निर्णय आता सपाट किनाऱ्यावरील स्वस्त किलोमीटर किती झाले यावर ठरणार नाही. कड्यावरील मोजक्या किलोमीटरांची पुढील पन्नास वर्षांची देखभाल कोण आणि कशातून करणार, याचे लेखी उत्तर मिळते की नाही, यावर तो अवलंबून राहील.