परदेशातल्या शाळेत नोकरी लागली, पण पगार अडकला तर? बदलापूर-अंबरनाथच्या शिक्षकांनी निघण्याआधी हे समजून घ्या

‘दुबईत शाळेसाठी शिक्षक पाहिजेत. बीएड चालेल. राहणं आणि तिकीट फ्री. व्हिजा १५ दिवसांत.’ खाली एक मोबाइल नंबर.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा धाटणीचा मेसेज आला की डीएड-बीएड झालेल्या अनेकांचा हात फोनकडे जातो. यातल्या काही नोकऱ्या खऱ्या असतात. पण तिकडे गेल्यावर पगार कमी मिळाला, पासपोर्ट शाळेने ठेवून घेतला किंवा व्हिजाच चुकीचा निघाला, तर दाद कुठे मागायची?

शिक्षक बाहेर का बघतायत?

मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. भरतीसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. २०२४ च्या सुरुवातीला पवित्र पोर्टलवर २१,६७८ पदांची जाहिरात आली, पण वाट बघणारे त्याहून कितीतरी जास्त होते. त्यातच १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास होण्याची अट घातली. अशा वेळी विनाअनुदानित शाळेतल्या तुटपुंज्या पगारापुढे दिरहममधला आकडा मोठा वाटणं साहजिक आहे.

शिकलेल्यांनाच संरक्षण कमी, ते कसं?

खरी मेख इथे आहे. परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांबाबत आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. असा माणूस यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत कामाला निघाला, तर त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. म्हणजे त्याच्या नोकरीची कागदपत्रं सरकारी कार्यालयाच्या नजरेखालून जातात. प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमाही सक्तीचा असतो.

दहावी पास झालात की ही अट सुटते. कायद्याचा समज असा की शिकलेला माणूस स्वतःचं बघून घेईल. त्यामुळे गवंडीकामाला जाणाऱ्याचा करार तपासला जातो, पण बीएड झालेली शिक्षिका विमानात बसते तेव्हा तिचा करार कुणी पाहिलेलाही नसतो.

१ जानेवारी २०१९ पासून या १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या शिकलेल्यांनाही नोंदणी सक्तीची होणार होती. पण नोव्हेंबर २०१८ मध्येच सरकारने तो आदेश स्थगित केला. नोंदणी ऐच्छिक राहिली. मालदीवमध्ये भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने आहेत, पण तो देश या १८ च्या यादीतच नाही.

वाद नेमके कशावरून होतात?

पहिला वाद करारावरून. मेसेजमध्ये एक पगार आणि तिथे सही करायला आलेल्या कागदावर दुसरा. काही करार दहाच महिन्यांचे असतात, म्हणजे उन्हाळी सुट्टीचा पगार नाही.

दुसरा वाद व्हिजाचा. ‘आधी व्हिजिट व्हिजावर या, मग बदलून देऊ’ असं एजंट सांगतो. पण व्हिजिट व्हिजावर काम करणं यूएईत बेकायदा आहे. विनापरवाना काम देणाऱ्या मालकाला २०२४ पासून १ लाख ते १० लाख दिरहम दंड होऊ शकतो, पण अशा नोकरीत शिक्षकही कायद्याच्या चुकीच्या बाजूला असतो. तक्रार करायला जायचीही भीती वाटते.

तिसरा मुद्दा, राहण्याचा परवाना मालकाच्या हातात असतो. बदलापूरच्या खासगी शाळेने कायम शिक्षकाला काढलं, तर १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याखाली ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. घर आपलं, गाव आपलं. परदेशात नोकरी गेली की तिथे राहायचा हक्कही धोक्यात येतो.

हे फक्त आखातात घडतं असं नाही. अमेरिकेत लुइझियानाच्या शाळांसाठी फिलिपिन्समधून एच-१बी व्हिजावर ३५० हून अधिक शिक्षक नेले गेले. प्रत्येकाकडून साधारण १६ हजार डॉलर उकळले गेले, आणि पहिला मोठा हप्ता भरल्यावरच पुढचा आकडा त्यांना सांगितला गेला. शिक्षक कोर्टात गेले. डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने भरती कंपनीविरुद्ध ४५ लाख डॉलरचा निकाल दिला.

अडकलात तर काय?

यूएईत मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करता येते. ५० हजार दिरहमपर्यंतच्या वादात २०२४ पासून मंत्रालय स्वतःच निर्णय देऊन तो अमलात आणू शकतं. पासपोर्ट ठेवून घेणं आणि भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करणं, दोन्हीला तिथल्या कायद्यात मनाई आहे. भारतीय दूतावासाकडे ‘मदद’ पोर्टलवरून तक्रार जाते. हेल्पलाइन १८००-११-३०९०.

फसवणूक इथल्या एजंटने केली असेल, तर घरच्यांनी जवळच्या पोलीस ठाण्यात जावं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ ४ मध्ये येतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करावा. विनानोंदणी भरती हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण दंड जास्तीत जास्त २ हजार रुपये. हा आकडा १९८३ चा आहे.

निघण्याआधी काय तपासाल?

– एजंट ई-मायग्रेट पोर्टलच्या यादीत आहे का? नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयेच घेता येतात.
– शाळेला तिच्या अधिकृत वेबसाइटवरच्या नंबरवर स्वतः फोन करा.
– ऑफर लेटरमध्ये पगार, घरभाडं, सुट्टीचा पगार आणि नोटीस पीरियड लेखी हवा.
– पदवीचं साक्षांकन आधी करून घ्या. सौदी, ओमान, बहरीनला अपोस्टिल चालतं. यूएई, कतार, कुवेतसाठी त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो.
– ई-मायग्रेटवर ऐच्छिक नोंदणी करा. कराराची प्रत घरी ठेवून जा.

पुढे काय?

१९८३ च्या कायद्याऐवजी नवा कायदा आणण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये एका विधेयकाचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी मांडला. त्यात शिकलेल्या स्थलांतरितांना किती संरक्षण मिळतं, हा शिक्षकांसाठी कळीचा प्रश्न आहे. तोवर करार तपासणारा सरकारी माणूस नाही, हे धरूनच चालावं लागेल. ते काम ज्याचं त्यालाच करायचं आहे, आणि तेही पैसे भरण्याआधी.