तीन महिन्यांचा नको, तीन रात्रींचा अंदाज द्या

डिसेंबर लागला की हवामान खात्याचा हिवाळ्याचा अंदाज येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात किमान तापमान सरासरीच्या वर राहील की खाली, थंडीच्या लाटेचे दिवस जास्त असतील की कमी, हे त्यात असतं. पेपरात देशाचा रंगीत नकाशा छापून येतो आणि अख्ख्या विदर्भाच्या वाट्याला त्यातले एकदोनच रंग येतात. मी केळझरला शेती करते. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं, गणपतीच्या टेकडीचं आमचं गाव. वावरात तूर, हरभरा, थोडा गहू आणि पऱ्हाटी. तो नकाशा मी दरवर्षी मन लावून वाचते. ला निना असला की उत्तर आणि मध्य भारतात थंडीचा जोर वाढण्याकडे कल असतो, हेही आता कळतं. पण ते वाचून उद्या वावरात काय करायचं, हे कुठे लिहिलेलं नसतं. हंगाम सरासरीत बसतो, पीक मात्र दोन-तीन रात्रींत हातचं जातं. त्या रात्री आम्हाला अगोदर कळायला हव्यात.

तुरीचंच घ्या. मार्गशीर्ष-पौषात ती फुलावर आणि शेंगेवर असते. वावर पिवळं दिसतं, धुऱ्यावर उभं राहिलं तरी मधमाश्यांचा आवाज येतो. अशात एखाद्या पहाटे धुवारी उतरते. सकाळी आठ-नऊपर्यंत पलीकडचा धुरा दिसत नाही, आणि तुरीत चालत गेलं तर लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं. ऊन निघालं की सगळं वाळतं आणि काहीच झालं नाही असं वाटतं. दोन दिवसांनी शेंड्याकडची कोवळी पानं कडेने उकडल्यासारखी दिसायला लागतात. फुलं देठातून सुटून बुडाशी पडलेली असतात. कोवळी शेंग बोटांत दाबून पाहिली तर दाणा हाताला लागत नाही, नुसतं चिकट पाणी निघतं. जून-जुलैत पेरलेल्या, डवऱ्यांवर, निंदणावर, फवाऱ्यांवर पैसा खाल्लेल्या पिकाचा निकाल असा लागतो, आणि त्या महिन्याच्या अहवालात विदर्भाचं किमान तापमान 'सरासरीइतकं' असू शकतं.

थंडी आमची वैरी नाही, हे शहरातल्या वाचकाला मुद्दाम सांगितलं पाहिजे. हरभरा थंडीवर पोसतो. गव्हाला थंडी मिळाली नाही तर फुटवे येत नाहीत. थंडी हवीच, फक्त ती कधी आणि किती उतरणार हे कळलं पाहिजे. फेब्रुवारी २०२३ आठवा. कमाल तापमानाच्या सरासरीने तो १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि दाणा भरायच्या वेळीच गव्हाला ऊन लागलं.

आता मोजणीकडे येते. २९ डिसेंबर २०१८ च्या सकाळी नागपूरला किमान तापमान ३.५ अंशांवर आलं. १९३७ सालचा ३.९ अंशांचा विक्रम मोडला. हा आकडा विमानतळावरच्या वेधशाळेतला आहे. तिथला तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो. मोजणीची पद्धत जगभर हीच आहे आणि ती योग्यच आहे. पण आमचा हरभरा जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन आपली ऊब झपाट्याने सोडते, आणि जमिनीलगतची हवा त्या पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी गार होते. गार हवा जड. ती टेकडीच्या उतारावरून खाली येते आणि नाल्याकाठच्या सखल तुकड्यात साचते. म्हणून एकाच शिवारात वरच्या वावरात तूर शाबूत असते आणि नाल्याकडची करपलेली. माझे सासरे हे तापमापकाशिवाय ओळखायचे. संध्याकाळी अंगणात उभे राहून ते म्हणायचे, "वारा पडला, आभाय मोकळं झालं. आज हिव उतरते. नाल्याकडच्या तुकड्यात ओलित लावजो, बाई." ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. कृषी विद्यापीठंही हाच सल्ला देतात: हलकं ओलित करा, पहाटे धुऱ्यावर काडीकचरा पेटवून धूर करा. फक्त त्यासाठी आदल्या दिवशी दुपारपर्यंत निरोप पोचावा लागतो.

दर हिवाळ्यात गावातली शाळकरी पोरं मला विचारतात, आपल्याकडे बर्फ कधी पडेल? त्यांच्या मोबाईलवर सिमला, गुलमर्ग, मनाली येत असतं. समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवरच्या, एकवीस अक्षांशाच्या आसपासच्या आमच्या गावात हिमवर्षाव होण्याची आशा नाही. महाराष्ट्रात थंडी फार कडक झाली तर महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, तेवढंच. पण त्या पोरांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण हिमालयातला बर्फ हा केळझरच्या हवामानाचा भाग आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ टाकतात. झंझावात पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचा कोरडा, गार वारा सुटतो. तो मध्य प्रदेश ओलांडून, सातपुड्याच्या अलीकडे उतरून दोन-तीन दिवसांत आमच्यापर्यंत येतो आणि पारा घसरतो.

आपल्याकडे पावसाळ्याचा हंगामी अंदाज सुरू झाला तोच या बर्फाच्या आधाराने. १८७७ च्या दुष्काळानंतर हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयात हिवाळ्यात पडणारा बर्फ आणि पुढचा पावसाळा यांचा संबंध जोडला. बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत राहिला तर पाऊस कमी, असा त्यांचा आडाखा होता. त्यावरून १८८६ मध्ये पहिला हंगामी अंदाज दिला गेला. हे इथे सांगते कारण वर्तमानपत्रं बर्फाची बातमी पर्यटनाची म्हणून छापतात. बर्फात खेळणारी जोडपी, अडकलेल्या गाड्या. मला वाटतं, त्याच बातमीखाली चार ओळी विदर्भासाठी असाव्यात: हा झंझावात सरकल्यावर आपल्याकडे अमुक दिवशी वारा उत्तरेचा होईल, की बंगालच्या उपसागरावरून ओल येऊन ढग दाटतील.

कारण बर्फ तोच असला तरी आमच्याकडे त्याचे परिणाम दोन होतात, आणि शेतकऱ्याची कामं त्यावरून उलटसुलट होतात. कोरडा वारा आला तर ओलिताची तयारी. ढग आले तर रात्री उबदार होतात, हरभऱ्यावर आणि तुरीवर घाटेअळी वाढते, आणि फवारायचं की थांबायचं हा प्रश्न पडतो. सकाळी फवारलं आणि संध्याकाळी पाऊस आला तर औषधाचे पैसे धुऊन गेले. वेचणीला आलेला कापूस भिजला तर व्यापारी प्रत पाडून भाव करतो. मजूर सांगून ठेवलेले असतात, त्यांना येऊ नका म्हणायचं की दुप्पट माणसं लावून आजच वेचून घ्यायचं? एवढा सगळा निर्णय एका ओळीच्या अंदाजावर असतो.

आणि गारपीट. उत्तरेची गार हवा आणि समुद्राकडची ओली हवा विदर्भाच्या डोक्यावर एकमेकांना भिडली की ती होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रात कित्येक दिवस गारा पडत राहिल्या. ११ फेब्रुवारी २०१८ ला विदर्भ-मराठवाड्याला पुन्हा तडाखा बसला. आमच्याकडे एका वर्षी गारा पडल्या तेव्हा धुऱ्याच्या कडेला पांढरा थर साचला होता. पोरं ओंजळी भरभरून फोटो काढत होती, बर्फ पडला म्हणून. मी हरभऱ्यात गेले. घाटे फुटून दाणे चिखलात पडले होते, हिरवट-पिवळे, अजून पुरते न वाळलेले. गहू एका अंगाला झोपला होता. सोंगणीला आठवडा-दीड आठवडा होता. गारांपुढे कुणाचंच काही चालत नाही, पण तीन दिवस अगोदर कळलं असतं तर तयार झालेला अर्धा हरभरा सोंगून ताडपत्रीखाली गेला असता.

साधनं नाहीत असं मुळीच नाही. नागपूरला प्रादेशिक हवामान केंद्र आहे, डॉप्लर रडार आहे. केळझर त्याच्या टप्प्यात चांगलंच आत येतं. रंगांचे इशारे जिल्हावार निघतात, मेघदूत ॲप २०१९ पासून आहे. राज्याच्या महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. हवामान खात्याच्या लोकांनी गेल्या वीस वर्षांत फार मोठं काम केलं आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. कमी पडतो तो शेवटचा टप्पा, आकड्याचा सल्ला करून तो वावरापर्यंत नेण्याचा. तो टप्पा सांभाळण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं सुरू झाली होती. २०२४ च्या सुरुवातीला देशभरातली सुमारे दोनशे केंद्रं बंद करण्याचा निर्णय झाला. आकडा आता यंत्रातून आपोआप येतो, माणसाची गरज काय, असा विचार त्यामागे असेल. पण 'किमान ८ अंश, आकाश निरभ्र' हा मजकूर आणि 'आज रात्री सखल वावरातल्या तुरीला ओलित द्या' हा निरोप यांच्यामध्ये आमचं पीक आणि आमची जमीन माहीत असलेलं माणूस लागतं. ही केंद्रं पुन्हा सुरू झाली पाहिजेत.

मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र कुठे बसवलं आहे, हेही पाहिलं पाहिजे. आमच्या सेलू तालुक्यात एकेकाळी केळीच्या बागा होत्या. हवामान आधारित फळपीक विम्यात केळीला थंडीची भरपाई मिळते ती सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली गेलं तर, आणि ते मोजायचं नेमून दिलेल्या केंद्रावर. केंद्र उंचावर आणि बाग नाल्याकाठी असली तर केंद्र नऊ दाखवतं आणि बाग करपते. तेव्हा प्रत्येक मंडळात निदान एक मोजणी सखल जागी, पिकाच्या उंचीवर व्हावी. त्याला फार खर्च येत नाही, आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहिले तर गावालाही पाहता येतील.

राहिला प्रश्न लाईटचा. समजा, निरोप वेळेवर आला. शेतीपंपाची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असते. रात्रीची पाळी असली तर माणसं मध्यरात्री हिवात, बोर अभयारण्यातून उतरणाऱ्या वाघ-बिबट्याच्या भीतीत, बॅटरी घेऊन ओलिताला जातात. रोही आणि रानडुकरांच्या जागलीला जाणारे वेगळेच. दिवसाची पाळी असली तर नेमक्या थंडीच्या रात्रीआधी संध्याकाळी पंप बंद. थंडीच्या लाटेचा इशारा निघाला की त्या दोन-तीन दिवसांपुरतं लाईटचं वेळापत्रक बदलून दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत द्यावं. इशारा काढणारं खातं वेगळं आणि वीज देणारं वेगळं, हे मला माहीत आहे. दोघांना एकाच टेबलावर बसवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे आणि तूर फुलावर येण्याआधी, म्हणजे नोव्हेंबरमध्येच, त्यांनी ती बैठक घ्यावी.