जुना अलार्म उतरवण्याआधी

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला धावलेले ६६ जवान प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. मानवंदना होते, भाषणे होतात. जुन्या टॉवरमधल्या रहिवाशांनी मात्र आज तळमजल्यावरच्या अलार्म पॅनेलसमोर जाऊन उभे राहावे. ‘फॉल्ट’चा पिवळा दिवा सतत पेटलेला आणि झोपमोडीच्या तक्रारींमुळे हूटर बंद केलेला, असे चित्र दिसले तर ती यंत्रणा बदलण्याची वेळ होऊन गेली आहे, असे समजावे.

परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ रोजी आग लागली, चार माणसे गेली. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालत नव्हती, हे नंतर उघड झाले.

जुने पॅनेल फार तर कोणत्या विभागात धूर आहे एवढेच सांगते. नवे नेमका डिटेक्टर दाखवते. दाट धुरात जिना चढणाऱ्या जवानासाठी हा फरक मोठा आहे. पण माणसे राहत असलेल्या इमारतीत यंत्रणा बदलताना खरा धोका मधल्या दिवसांचा असतो. कंत्राटदाराला जुनी वायर आधी तोडून टाकणे सोयीचे वाटते. त्याला तसे करू देऊ नये. नवी वायरिंग आणि पॅनेल आधी बसवावे, एकेक मजला जोडून तपासावा, आणि तोवर जुनी यंत्रणा जेवढी चालते तेवढी चालू ठेवावी. जो मजला काही तास अलार्मविना राहील, तिथे तेवढा वेळ अखंड गस्त हवी. गस्तीवरच्या वॉचमनकडे शिटी, फोन आणि आधाराशिवाय जिना उतरू न शकणाऱ्यांची यादी असावी. हूटरची चाचणी लॉबीत उभे राहून घेऊ नये. बेडरूमचे दार लावून, पंखा सुरू ठेवून आवाज ऐकू येतो का, ते पाहावे.

महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याने यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक व भोगवटादारावर टाकली आहे. परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. कागद भरला म्हणजे हूटर वाजतोच असे नाही.

सोसायट्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत रंगकाम आणि लॉबीच्या सजावटीआधी हा विषय घ्यावा आणि खर्चाला त्याच बैठकीत मंजुरी द्यावी.