उंदराने कुरतडलेली वायर आणि आपली वेठ



उंदराने घरातली वायर कुरतडली तर घरधन्याने ती स्वतः जोडावी की नाही? कापसाचा भाव, कर्ज, वीजबिल सोडून जिल्हा बैठकीत हा कसला प्रश्न, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात कापूस साठवला आहे त्या घरात हा प्रश्न भावाचाच आहे. २०२२-२३ च्या हंगामात भाव चढेल या आशेने कित्येक घरांत उन्हाळ्यापर्यंत कापूस पडून राहिला. सरकीसाठी उंदीर येतो, कापसात घर करतो आणि वरून गेलेल्या वायरीवर दात घासतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, घासल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही. उंदीर, वायर आणि पेटणारा माल एका छपराखाली आणले ते पडलेल्या भावाने. एक ठिणगी पडली की वर्षाची कमाई खाक.

एवढ्याशा उंदराने काय होते, असे म्हणू नका. मार्च २०१३ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात एका उंदरामुळे स्विचबोर्डात शॉर्ट सर्किट झाले आणि वापरलेल्या इंधनाच्या टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा दिवसभराहून अधिक काळ बंद पडली.

माझे उत्तर आधीच सांगतो: जोडू नये. आपण काय करतो? दोन टोके पिळतो, चिकटपट्टी गुंडाळतो, दिवा लागला की काम झाले. पण दिवा लागला म्हणजे सांधा चांगला, असे नाही. सैल सांधा भार आला की तापतो. शिवाय दिसले ते एका जागी. कौलाखाली, भिंतीमागे आणखी कुठे कुरतडले आहे ते दिसत नाही. पावसाळ्यात भिंत ओली, पत्रा ओला, पाय ओले. साठ वॅटचा बल्ब पाव अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या आठव्या हिश्श्याएवढा प्रवाह छातीतून गेला तरी माणूस दगावू शकतो. पाच अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज वायर वाचवतो, माणूस नव्हे. माणसासाठी गळती ओळखून वीज तोडणारा ईएलसीबी लागतो. आणि आपल्याकडे तर फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालतात. म्हणजे वायर वाचवणारा राखणदारही गेला.

कायदाही हेच सांगतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ४५ वा नियम पाहा. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्याची सूट. बाकी दुरुस्ती परवानाधारक ठेकेदाराने, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करावी. २०१० च्या आणि २०२३ च्या सुरक्षा नियमांत हाच आशय कायम राहिला. नियम चुकीचा नाही. पण मीटरच्या पुढची वायर तुमची, धोका तुमचा, हात मात्र तुमचा चालणार नाही. मग हात कोणाचा? तो पुरवायला कोणी बांधील नाही. भांडण इथे आहे.

हे गावाच्या अडाणीपणामुळे होते, असे सांगणाऱ्यांनी मुंबईत मानखुर्दला जाऊन यावे. १९७२ च्या दुष्काळाने आणि त्यानंतरच्या नापिकीने मराठवाड्यातून निघालेली आपली माणसे त्या भागात आहेत. भारतातून हाकलली गेली, इंडियाच्या उकिरड्याशेजारी राहिली. देवनारचा कचऱ्याचा डोंगर जवळच. लल्लूभाई कंपाउंडमध्ये रेल्वेकडेच्या झोपड्यांतून उठवलेली कुटुंबे दाटीच्या इमारतींत बसवली. कचरा तिथे उंदीर, उंदीर तिथे कुरतडलेली वायर. मुंबई महापालिका रात्री उंदीर मारायला माणसे ठेवते, एकेकाला रात्रीचे ३० उंदरांचे उद्दिष्ट देते. वीज खाजगी कंपनीची. वायरमन पलीकडच्या गल्लीत. तरीही तिथला मजूर घरातली वायर स्वतःच जोडतो, कारण वायरमनला बोलवायचे तर दिवसाची मजुरी जाते. मानखुर्दला वायरमन सापडतो पण परवडत नाही. आपल्या गावात तो सापडतही नाही. प्रश्न अडाणीपणाचा नाही, खिशाचा आहे.

आणि सरकारच्या हिशेबात गावाची किंमत किती? राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१४ च्या मानकांत फ्यूज गेल्याची तक्रार मोठ्या शहरात ३ तासांत, इतर शहरी भागात ४ तासांत आणि ग्रामीण भागात १८ तासांत निवारायची होती. अंधार सारखाच, घड्याळ मात्र वेगळे! मंत्रालयातल्या उंदरांसाठी सरकारने ठेका दिला. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत आकडा सांगितला: सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याचे कागदावर दाखवले होते. साहेबांच्या फायलींसाठी एवढी तत्परता, आणि आपल्या कापसासाठी ‘घरी दुरुस्ती करू नका’ एवढा एक उपदेश.

म्हणून वायर आपण जोडू नये असे म्हणताना मी कोणाच्या हुशारीवर शंका घेत नाही. मोटर खोलणारा, पंप बसवणारा शेतकरी वायर जोडायला सहज शिकेल. पण जे काम दुसऱ्याने पैसे घेऊन, जबाबदारी घेऊन करायचे ते आपण जीव धोक्यात घालून फुकट करतो, ही वेठ आहे. उणे सबसिडी फक्त भावातच नसते. अपघात झाला की कागदावर लिहिले जाते ‘ग्राहकाची चूक’, आणि सगळे मोकळे.

‘वायरमन येत नाही, अंधारात बसायचे का?’ हा सवाल खरा आहे. त्याचे उत्तर मागणीत आहे. घरगुती बिलावर सरकार १६ टक्के वीज शुल्क घेते. त्या पैशातून ग्रामपंचायतवार एक परवानाधारक वायरमन मिळावा, घरातल्या दुरुस्तीचा दर पंचायतीच्या फलकावर लागावा, प्रत्येक घरात ईएलसीबी बसावा. आयटीआय झालेली पोरे गावोगाव रिकामी बसली आहेत. लहान गावांसाठी ग्राम विद्युत व्यवस्थापकाची योजना सरकारनेच काढली होती. तिला घराच्या उंबऱ्याच्या आत आणा. आणि फ्यूजसाठी गावाला वेगळे घड्याळ नको.

तोवर एवढे पाळा. कुरतडलेली वायर दिसली की मेन बंद करा आणि ती वायर बदलेपर्यंत तो भाग बंदच ठेवा. तुकडा जोडून घेऊ नका. जाणत्या वायरमनकडून अख्खी वायर बदलून पाइपातून घ्या. कापसाची गंजी वायरीखाली लावू नका. कोणी चिकटले तर आधी वीज तोडा, मग माणसाला हात लावा.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने यादी आणावी: किती घरांत चिकटपट्टीचे सांधे आहेत, आणि वायरमनची वाट किती दिवस पाहिली. ही यादी घेऊन आपण वीज कंपनीच्या कार्यालयात जाणार आहोत. तिथे आपण उपदेश ऐकणार नाही, वायरमन मागणार आहोत.