अनवाणी पायांचे कौतुक आणि धावपट्टीचा प्रश्न

'अस्सल' हा शब्द मराठी समीक्षेने गेल्या साठ वर्षांत फार वापरला. १९६० नंतर ग्रामीण आणि दलित लेखक लिहू लागले तेव्हा या शब्दाला लढाऊ अर्थ होता. ज्याने भोगले त्याने सांगावे, आणि त्याच्याच भाषेत सांगावे, अशी ती मागणी होती. पुढे हा शब्द पुस्तकांच्या मलपृष्ठांवर आला, सत्कारांच्या भाषणांत आला आणि गुळगुळीत झाला. आता तो धावण्याच्या क्षेत्रात पोहोचला आहे. बूट विकणाऱ्या कंपन्या, मॅरेथॉनचे आयोजक, रविवारच्या पुरवण्या आणि वाहिन्या एकमुखाने सांगत असतात की धावणे म्हणजे स्वतःच्या अस्सल रूपाची भेट, आणि धावणारे सगळे म्हणजे एक कुटुंब. या दोन्ही विधानांवर आमचा आक्षेप आहे. मुखेडसारख्या तालुक्यात राहून तो घेणे अवघड नाही. येथे पहाटे रस्त्यावर धावणारे पुष्कळ आहेत. त्यांना 'रनर' मात्र कोणी म्हणत नाही.

प्रथम अस्सलपणाचा विचार करू. बारामतीच्या लता भगवान करे यांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१३ च्या सुमारास, साठीच्या घरात असताना, पतीच्या वैद्यकीय तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून त्या तेथील मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात नऊवारी लुगड्यावर, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट निघाला. नवीन देशबोईना यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटात करे यांनी स्वतःची भूमिका स्वतः केली, आणि २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. या बाईंच्या जिद्दीपुढे आम्ही नतमस्तक आहोत. आमचा प्रश्न त्यांच्याविषयी नसून त्यांच्याकडे पाहणाऱ्या नजरेविषयी आहे. ज्या बातमीचा मथळा 'एका वृद्ध शेतमजूर स्त्रीला पतीच्या तपासणीसाठी शर्यत जिंकावी लागते' असा असायला हवा होता, ती बातमी 'नऊवारीतली अनवाणी आजी' अशी झाली. लुगडे आणि उघडे पाय ठळक झाले. सार्वजनिक आरोग्यव्यवस्था चौकटीबाहेर गेली. मुंबई मॅरेथॉनच्या 'ड्रीम रन'मध्ये हौशी मंडळी तऱ्हेतऱ्हेचे वेष करून उतरतात, त्यात कोणी नऊवारी नेसली तर तो वेष असतो. करे यांच्या अंगावरचे लुगडे हा वेष नव्हता. कॅमेऱ्याला मात्र दोहोंत फरक दिसत नाही.

अनवाणी पायांचा हा मोह जुना आहे आणि जागतिक आहे. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला, हे सर्वांना माहीत असते. तोच बिकिला १९६४ साली टोकियोत पायांत बूट घालून धावला, पुन्हा जिंकला आणि रोमपेक्षा तीन मिनिटांहून अधिक वेगाने जिंकला, हे फार थोड्यांना आठवते. कारण बूट घातलेला आफ्रिकी विजेता हा निव्वळ विजेता असतो, तर अनवाणी विजेता 'आदिम', 'निसर्गपुत्र' ठरतो. २००९ मध्ये ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचे 'बॉर्न टू रन' हे मेक्सिकोतील रारामुरी जमातीच्या धावण्यावरचे पुस्तक गाजले, आणि पाठोपाठ अनवाणीपणाचा अनुभव देणारे बूट बाजारात धडाक्याने खपू लागले. अनवाणीपणासाठीही आता पैसे मोजायचे होते! त्यांतील एका प्रसिद्ध कंपनीने या बुटांच्या आरोग्यविषयक दाव्यांवरून उभा राहिलेला खटला २०१४ मध्ये साडेसदतीस लाख डॉलर भरून मिटवला. ज्यांच्याकडे बूट नाहीत त्यांची प्रतिमा, ज्यांच्याकडे चार जोड आहेत त्यांना विकणे, हे या अस्सलपणाचे अर्थकारण आहे.

आपल्या मराठवाड्यातले उदाहरण अविनाश साबळे यांचे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा हा मुलगा २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवतो आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. माध्यमांनी काय सांगितले? दुष्काळी गाव, गरिबी, शाळेसाठीची कित्येक किलोमीटरची पायपीट. हे खरे आहे. पण शाळेसाठी पायपीट करणारी मुले मराठवाड्यात हजारांनी होती आणि आहेत. ती सगळी आशियाई विजेती झाली नाहीत. साबळे यांच्याकडे सैन्यातली नोकरी आली, नियमित पगार आला, पोटभर सकस आहार आला, प्रशिक्षक आले, उंचावरच्या ठिकाणी सराव करण्याची सोय आली. गरिबीने धावपटू घडवला नाही. गरिबीतून बाहेर काढणाऱ्या व्यवस्थेने घडवला. माध्यमे पहिली गोष्ट रंगवून सांगतात, कारण तिच्यातून डोळ्यांत पाणी येते. दुसरी सांगितली तर तालुक्याच्या क्रीडासंकुलाचे काय झाले, असे कोणीतरी विचारील.

आता दुसरे विधान: धावणारे सगळे एक कुटुंब. मुखेडहून नांदेड, कंधार, देगलूर वा लातूरकडे जाणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर पहाटे पाहावे. धावणारी मुले-मुली दिसतील. त्यांतील कित्येक आमच्या वर्गांत बसतात. लोक त्यांना 'भरतीची पोरं' म्हणतात आणि त्यांच्या भाषेत शारीरिक चाचणीला 'ग्राउंड' म्हणतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. १६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत संपवले तर पूर्ण गुण. त्या काही सेकंदांवर घरातले कर्ज, बहिणीचे लग्न आणि ऊसतोडीला जाणे-न जाणे टांगलेले असते. यांच्या धावण्यात 'स्वतःची भेट' नाही. यांच्यात कुटुंबभावही आपण समजतो तसा नाही. शेजारी धावणारा मित्र हाच जागेसाठीचा प्रतिस्पर्धी असतो. तरीही हीच मुले एका घड्याळावर चौघांचा वेळ मोजतात, एकाचे बूट दुसरा ग्राउंडच्या दिवशी घालून जातो. या देवाणघेवाणीला कोणत्याही कंपनीने 'कम्युनिटी' म्हटलेले नाही, कारण तिला काही विकता येत नाही.

आणि या धावण्याची किंमत किती असते? जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या चाचणीनंतर काही तरुण उमेदवार मरण पावले. जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यात घोडका राजुरीजवळ रस्त्यावर भरतीचा सराव करणाऱ्या मुलांना एसटी बसने धडक दिली आणि त्यांत तिघांचा अंत झाला. ज्या दिवशी महानगरांत मॅरेथॉन असते त्या दिवशी धावणाऱ्यांसाठी रस्ते बंद केले जातात, पाण्याचे टेबल लागतात, रुग्णवाहिका उभ्या राहतात. उरलेल्या सर्व दिवशी, सर्व तालुक्यांत, रस्ता वाहनांचा असतो. एकाच राज्यात धावणाऱ्यांची ही दोन कुटुंबे आहेत, आणि त्यांची भेट होत नाही.

समूह म्हणजे काय, हे महाराष्ट्राला जाहिरातीतून शिकण्याची गरज नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत वेळापूरच्या परिसरात 'धावा' होतो. तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, या श्रद्धेपोटी वारकरी उतारावरून धावतात. त्या धावेला घड्याळ नाही, छातीवर क्रमांक नाही, पदक नाही. परंतु आम्ही तिचे उदाहरण केवळ भावुकतेने देत नाही. दिंडी टिकते ती शिस्तीवर: चालण्याचा क्रम ठरलेला, स्वयंपाकाची कामे वाटलेली, आजाऱ्याला सांभाळण्याची जबाबदारी कोणाची हे ठाऊक असलेले. समूह हा परस्परांच्या जबाबदारीतून बनतो. नोंदणीशुल्क भरून मिळणाऱ्या सदऱ्याने गर्दी बनते, समूह नव्हे.

यावर कोणी म्हणेल, मॅरेथॉनमुळे लोक व्यायामाकडे वळले, सेवाभावी संस्थांना निधी मिळाला. हे आम्हांस मान्य आहे. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने सामाजिक कामांसाठी मोठा निधी उभा केला हे नाकारण्याचे कारण नाही. वीस हजारांचे बूट घालून कोणी धावत असेल तर तेही त्याचे स्वातंत्र्य आहे. आक्षेप आहे तो एका वर्गाच्या फावल्या वेळेला 'अस्सल' म्हणण्याला आणि दुसऱ्या वर्गाच्या नाइलाजातून त्यासाठी चित्रे उचलण्याला.

साहित्याच्या अभ्यासकांनी हे का वाचावे? कारण ही नजर आपल्याकडूनच गेलेली आहे. आत्मकथनांतली भूक वाचून सद्गदित व्हायचे आणि ती भूक निर्माण करणाऱ्या रचनेचा प्रश्न परीक्षेत 'अनुभवाची अस्सलता स्पष्ट करा' एवढ्यावर मिटवायचा, ही सवय आपल्या अभ्यासक्रमांनी लावली. अनवाणी आजीचे छायाचित्र पाहून हळहळणारा वाचक त्याच वर्गांतून बाहेर पडलेला असतो. अस्सलपणा तपासायचाच असेल तर तो भोगणाऱ्याच्या पायांत तपासू नये. त्याची गोष्ट कोण सांगतो, तिच्यातून काय वगळतो आणि त्यावर कोणाची विक्री होते, हे तपासावे.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी चारशे मीटरची एक मातीची धावपट्टी असावी, तिच्याभोवती दिवे असावेत आणि ती पहाटे चार वाजता उघडी असावी. महाविद्यालयांकडे मैदाने आहेत. त्यांची कुलपे उघडण्याचा ठराव प्राध्यापकांनी मांडावा. वृत्तपत्रांनी मॅरेथॉनला जेवढी पाने दिली त्यांतील एक पान या मैदानांच्या स्थितीला द्यावे. आणि ज्या कंपन्यांना धावणाऱ्यांचे कुटुंब इतके प्रिय आहे, त्यांनी त्या कुटुंबातल्या रस्त्यावर धावणाऱ्या भावंडांना घोषणेऐवजी दिवे द्यावेत.