बाळंतपण काढणारे हात घरी बसलेत

परवा गुरुवारी छावणीच्या बाजारात भाजी घेत होते. मागून हाक आली, "सिस्टर, ओळखलंत का?" कडेवर नातू घेतलेली बाई. तिची थोरली माझ्या हातावर झालेली, खुलताबादकडच्या उपकेंद्रात, कंदिलाच्या उजेडात. चेहरा काही आठवेना. पण त्या रात्री वार पडायला किती वेळ लागला होता, ते लख्ख आठवलं!

मैत्रिणींनो, मी एएनएम झाले ती काही आवडीनं नाही. साल १९८३. दहावी झाली की दीड वर्षाचं प्रशिक्षण, लगेच नोकरी, आणि घरात खाणारी तोंडं सहा. आजी म्हणाली, "लोकांचा विटाळ काढायला जातेस?" नर्स म्हटलं की स्थळं परत जायची. शिकताना एका जुन्या सिस्टरांनी माझा हात धरून एका बाईच्या पोटावर ठेवला. "डोकं कुठंय सांग." मला सांगता आलं. त्या दिवसापासून मी या कामाची झाले.

२०२३ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली. शाल, श्रीफळ, फोटो. दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. अडतीस वर्षांत पहिल्यांदा! आता पेन्शन आहे आणि दुखरे गुडघे आहेत.

गेल्या वर्षी शेजारच्या मुलीला कळा सुरू झाल्या म्हणून तिच्याबरोबर एका खासगी दवाखान्यात गेले. मला लेबर रूमच्या दाराशीच थांबवलं. आत पोरगी तासन्‌तास पाठीवर आडवी. तिला जरा उठवा, चालवा, कंबर चोळा, एवढंच मला सांगायचं होतं. पहाटे सिझर झालं. ते लागणारच होतं की नाही, बाहेर बसून मी कशी सांगू?

मी सिझरच्या विरोधात नाही हं. आडवं मूल असलेल्या बाईला रात्री टेम्पोत घालून मी घाटीला आणलंय. ऑपरेशन झालं नसतं तर दोन्ही जीव गेले असते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली सत्तेचाळीस बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारीत चौदा. एवढा फरक बायकांच्या शरीरात असतो का?

सरकारलाही सुईणीची आठवण झालीय. २०१८ मध्ये केंद्रानं ठरवलं, नर्सना दीड वर्ष जादा शिकवून प्रसूतीतज्ज्ञ सुईणी तयार करायच्या. चांगलंच आहे. पण पोटावर हात ठेवायला शिकवणार कोण? ज्यांना येतं त्या निवृत्त होऊन घरी शेंगा निवडतायत. आठवड्यातून दोन दिवस, थोडं मानधन, लेबर रूममध्ये एक खुर्ची द्या. आम्ही सुया टोचणार नाही, टाके घालणार नाही. नव्या पोरींना शिकवू आणि अडलेलीचा हात धरून बसू. प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई राहू द्या, असं केंद्रानं सरकारी दवाखान्यांना २०१६ मध्येच सांगितलंय. मग ती सोबत जाणती असली तर बिघडलं कुठं?

आमच्या गल्लीतल्या एका सुनेला सध्या सातवा चालू आहे. संध्याकाळी आम्ही दोघी नगर नाक्याकडे चालत जातो. काल तिनं विचारलं, "काकू, कळा आल्या की तुम्ही याल ना?"

येईन म्हटलं. दारापर्यंत तरी.