रंगभूमीवरचा मळा आणि तुंडूचा मळा

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रंगभूमीवर संगीत सुखांतिकांना जो बहर आला होता, त्याचे कौतुक इंग्रजीत अजूनही होत असते. चाली गोड होत्या, पोशाख नेत्रसुखद होते, आणि इतक्या निरागस करमणुकीत राजकारण कशासाठी शोधावयाचे, असा या कौतुकाचा सूर असतो. निरागसपणाचा हा दावा तपासून पाहावयाचा असेल, तर ५ मार्च १९०४ रोजी डेलीज थिएटरमध्ये पडदा उघडलेल्या ‘द सिंगाली, अथवा सनी सिलोन’ या नाटकासारखे दुसरे उदाहरण नाही. लायनेल माँक्टनचे संगीत, जेम्स टॅनरची संहिता आणि जॉर्ज एडवर्ड्सची निर्मिती असलेल्या या नाटकाचे ३६५ प्रयोग झाले.

कथानक असे. हॅरी व्हेरेकर हा सिलोनमधील तरुण गोरा मळेवाला. त्याच्या चहाच्या मळ्यात काम करणाऱ्या नानोया नावाच्या देखण्या मुलीवर त्याचे मन जडते. ही नानोया वस्तुतः उच्चकुलीन असून चार वर्षांची असताना तिची गाठ कँडीच्या बूभांबा चेत्तूर भॉय या सरदाराशी बांधण्यात आलेली आहे. ते बंधन नको म्हणून ती पळून मळ्यात आलेली आहे. तो मळाही वारसाहक्काने तिचाच. चंबडी राम नावाच्या लबाड वकिलाने तो परभारे गोऱ्याच्या हाती घातलेला. गाणी, गोंधळ आणि एका हरवलेल्या काळ्या मोत्याचा शोध एवढे झाल्यावर नानोया व्हेरेकरची होते. (नावांची गंमत पाहण्याजोगी आहे. कँडीच्या सिंहली सरदाराच्या नावात दक्षिणेचा ‘चेत्तूर’ आणि मुंबईचा ‘भॉय’ गुण्यागोविंदाने नांदतात, आणि वकील मात्र बंगालच्या ‘बाबू’च्या थट्टेतून उचललेला. खैबरपासून गॉलपर्यंतची सारी प्रजा कर्त्यांना एकसारखीच दिसत असावी.)

या गोड गोष्टीत जमिनीचा प्रश्न किती सफाईने निकालात काढला आहे, हे पाहावे. मळा मूळचा एतद्देशीय स्त्रीचा, हे नाटक उघड मान्य करते. परंतु तो लुबाडणारा कोण? काळा वकील! गोरा मळेवाला बिचारा निष्पाप खरेदीदार. आणि मग जमीन परत करण्याची वेळच येत नाही. मालकीणच मळेवाल्याच्या घरात जाते. जी परतफेड व्हावयाची ती हुंडा बनते. प्रत्यक्ष सिलोनमध्ये मात्र जमीन कोणा चंबडी रामाने नेली नव्हती. १८४० च्या वटहुकुमाने मालकीचा पुरावा नसलेली रानजमीन सरकारची ठरली. कँडी प्रांतातील खेडुताजवळ कागद कुठून असणार? तीच जमीन सरकारने एकरी पाच शिलिंग इतक्या कवडीमोलाने मळेवाल्यांना विकली होती. १८६९ पासून तांबेऱ्याने कॉफी बुडाली. जेम्स टेलरने १८६७ साली १९ एकरांवर लावलेला चहा शतक संपण्यापूर्वीच तीन लाख एकरांच्या वर गेला.

याहूनही मोठा खोटेपणा नाटकाच्या नायिकेतच आहे. चहा खुडणाऱ्या मुली सिंहली म्हणून दाखविल्या आहेत; त्यांची सोंगे अर्थात लंडनच्या नट्यांनी घेतली होती. वास्तविक सिंहली शेतकऱ्याने मळ्यावरच्या बांधील मजुरीकडे बहुतांशी पाठच फिरविली. मळे उभे राहिले ते मद्रास इलाख्यातील तिरुचिरापल्ली, मदुरा, सेलम या जिल्ह्यांतून आणलेल्या तमिळ मजुरांच्या, आणि खुडणीपुरते बोलावयाचे तर तमिळ स्त्रियांच्या हातांवर. कंगाणी त्यांना उचल देऊन आणी, आणि मळ्यावर पाऊल टाकण्यापूर्वीच ते कर्जात असत. मजुराला दुसरीकडे जावयाचे तर ‘तुंडू’ नावाची चिठ्ठी हवी: इतके कर्ज फेडल्यास यास सोडू, असे लिहिलेली. म्हणजे नवा मालक कर्जासकट माणूस घेई. पूर्वसूचनेवाचून काम सोडणे हा १८६५ च्या कायद्याने फौजदारी गुन्हा होता व त्याला तुरुंगवासाची शिक्षा होती. तुंडू १९२१ साली बंद झाली.

नाटकातील नानोया स्वातंत्र्यासाठी पळून मळ्यावर येते. प्रत्यक्षात माणसे मळ्यावरून पळत आणि तुरुंगात जात. ३६५ रात्री टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकांत सिलोनच्या मळ्यांचे भागधारक नसतील, असे कोणी म्हणेल काय?

बालविवाहाचा विषय याच सुमारास मराठी संगीत रंगभूमीवरही होता. देवलांचे ‘शारदा’ १८९९ चे. तेथे कोवळ्या मुलीचा म्हाताऱ्याशी होऊ घातलेला विवाह हाच नाटकाचा जिव्हाळा आहे, आणि बोट रोखलेले आहे ते आपल्याच समाजाकडे. लंडनमध्ये त्याच रूढीचा उपयोग एवढाच, की गोऱ्या नायकाने सुटका करावी. संगीत नाटक करमणुकीचे असते म्हणून ते राजकारणापासून दूर असते, हेही खरे नव्हे. ज्या राजवटीच्या राजधानीत ‘सनी सिलोन’ची गाणी गुणगुणली जात होती, तिनेच १९१० साली खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी घातली. पौराणिक नाटकातील कीचक कोण हे सरकारला बरोबर कळले होते!

एक प्रसंग सांगावयाचा राहिला. हे नाटक आपल्या संहितेवरून उचलले असा दावा एका गोऱ्या कॅप्टनने एडवर्ड्सवर लावला आणि १९०५ साली तो जिंकला. कल्पनेतल्या मळ्याची भरपाई वर्षभरात मिळाली.

खऱ्या मळ्यावरील माणसांचे काय झाले? रंगमंचावरून त्यांना वगळणारे इंग्रज होते. स्वतंत्र सिलोनने १९४८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्वातूनच वगळले. तेथील डाव्या पक्षांनी या कायद्याला विरोध केला, हे त्यांचे श्रेय. परंतु ऑक्टोबर १९६४ मध्ये सिरिमाओ-शास्त्री कराराने ५,२५,००० माणसे भारताच्या आणि ३,००,००० सिलोनच्या वाट्याला घातली, तेव्हा लंका समसमाज पक्ष मंत्रिमंडळात बसलेला होता. वाटणी कोणाची झाली त्यांना कोणी विचारले नव्हते. उरलेल्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न सुटावयास २००३ साल उजाडले, आणि रोजी १,००० रुपयांची मागणी पदरात पडावयास २०२१. दरम्यान मळेवाल्यांचे जुने बंगले पर्यटकांसाठी सजले आहेत. तेथून उतारावर नजर टाकली की पाठीवर टोपली घेतलेल्या बाया दिसतात आणि त्यांच्या पलीकडे, त्यांच्या आज्या-पणज्या राहत त्याच धर्तीच्या लाइनीतल्या खोल्या.